घर-संसार सांभाळून नर्सिंगला प्रवेश: आधी काय करायचं, नंतर काय

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे फोन सुरू होतात. परवा सिन्नर फाट्याकडच्या एकीचा आला. "ताई, दहा हजार भरून सीट धरून ठेवलीय, आता पुढं काय करू?" मी विचारलं, कोर्स कोणता? "नर्सिंगच." जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), एएनएम (त्याहून लहान, सहाय्यक नर्सचा कोर्स) की आणखी काही? माहीत नव्हतं. वय? छत्तीस. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? "सर म्हणाले आहे."

दहा हजार गेले. या गोष्टी तिने पैसे भरण्याआधी विचारल्या असत्या, तर फोनची वेळच आली नसती.

मी एकतिसाव्या वर्षी जीएनएमला बसले. तेव्हा मुलगा तिसरीत होता, मुलगी बालवाडीत. आज वॉर्डात ड्युटी करते. माझ्या ओळखीत संसार असताना ज्यांनी हा कोर्स अर्ध्यात सोडला, त्यांच्यातली एकही अभ्यासात कच्ची नव्हती. त्या हजेरीत अडकल्या, कागदांत अडकल्या, नाहीतर घरी कोण थांबणार या प्रश्नावर अडकल्या. कामं बहुतेकींनी केलीच होती, पण उलट्या क्रमाने. म्हणून खालचे टप्पे दिले त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा सोपा वाटला म्हणून त्यावर उडी मारू नका.

## टप्पा 1: वय, बारावी आणि कोर्स

एका संध्याकाळचं काम आहे. जन्मतारीख आणि बारावीची मार्कशीट समोर घेऊन बसा.

वय. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) नियमांप्रमाणे प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला किमान 17 वर्षं पूर्ण हवीत आणि कमाल मर्यादा 35 आहे. आपल्यासारख्यांना त्रास वरच्या टोकाचा असतो. "यंदा जमत नाही, धाकटी शाळेत जाऊ दे, मग बघू" असं म्हणता म्हणता तेहेतिसावं संपतं. तुमच्या हातात नेमकी किती प्रवेश-वर्षं उरलीत, हा आकडा कागदावर लिहा. जीएनएमला नोंदणीकृत एएनएम आणि एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) यांना वरची वयाची अट नाही, त्यामुळे आधी एएनएम झालेल्या बायकांना हा रस्ता नंतरही मोकळा राहतो.

बारावी. बीएस्सी नर्सिंगसाठी विज्ञान शाखा, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून 45 टक्के, आणि इंग्रजी पास. आरक्षित प्रवर्गांना टक्केवारीत सवलत असते. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते: एकूण 40 टक्के आणि इंग्रजी पास. मुक्त शाळेची, म्हणजे एनआयओएसची बारावीही धरली जाते. कला शाखेतून बारावी झालेल्या बायका "आपण आर्ट्सवाल्या, आपल्याला कोण घेणार" म्हणून घरी बसतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

कोर्स. एएनएम 2 वर्षं, जीएनएम 3 वर्षं, बीएस्सी 4 वर्षं. घर असलेल्या आणि तिशी ओलांडलेल्या बाईने जीएनएम करावं असं माझं मत आहे. एएनएम लवकर संपतं, पण पुढे वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून उभं राहायचं तर जीएनएम किंवा बीएस्सीच लागते. बीएस्सीचं चौथं वर्ष घरच्यांना फार लांब वाटतं. आणि जीएनएमनंतर 2 वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, तोपर्यंत मुलंही मोठी होतात. ज्यांचं वय अठ्ठावीसच्या आत आहे, बारावी विज्ञानाची आहे आणि घरचा पाठिंबा पक्का आहे, त्यांनी मात्र बीएस्सीच पाहावी.

> थांबा. दहावीवरच शिक्षण सुटलं असेल तर आधी 17 नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून किंवा एनआयओएसमधून बारावी. तिला लागणारा वेळ वयाच्या हिशेबात धरा. वय आधीच पस्तिशीपार असेल आणि एएनएम झालेलं नसेल, तर नर्सिंगच्या नावाखाली कोणी काहीही विकत असलं तरी घेऊ नका. रुग्णसेवेतच काम करायचं असेल तर जनरल ड्युटी असिस्टंटचं प्रशिक्षण हा प्रामाणिक पर्याय आहे. त्यातून काम मिळतं, पण नर्स म्हणून नोंदणी होत नाही, एवढं समजून घ्या.

## टप्पा 2: कॉलेज

नाशिकमध्ये सीबीएसपासून नाशिकरोडपर्यंत "नर्सिंग"चे बोर्ड भरपूर दिसतील. त्यात "नर्सिंग असिस्टंट", "बेडसाइड केअर डिप्लोमा", "एक वर्षात नर्स" असेही असतात. यातल्या कशानेच महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लागत नाही, आणि नाव लागल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

कॉलेजचं पत्रक बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी संकेतस्थळांवर स्वतः बघा.

1. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्य संस्थांच्या यादीत नाव आहे का. भारतीय परिषदेच्या यादीतही बघा, पुढे राज्याबाहेर जायचं झालं तर ती उपयोगी पडते.
2. जीएनएम-एएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सीची परीक्षा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, म्हणजे आपलं दिंडोरी रोडवर म्हसरूळला असलेलं विद्यापीठ. तुमच्या कोर्सप्रमाणे त्या-त्या यादीत कॉलेज आणि या वर्षीची जागांची संख्या बघा. मागच्या वर्षीची यादी चालणार नाही.
3. नाव तंतोतंत जुळतं का. एकाच संस्थेची दोन-तीन कॉलेजं असतात आणि मान्यता त्यातल्या एकाला असते.

यादी जुळली की कॉलेजात जाऊन तीन प्रश्न विचारा, आणि ते लेक्चरच्या वेळी जाऊन विचारा. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, कोणत्या हॉस्पिटलला असतं? होस्टेल सक्तीचं आहे का, विवाहितांना घरून येता येतं का? नाईट ड्युटी कोणत्या वर्षापासून लागते?

होस्टेलचा प्रश्न बायका विचारायचा विसरतात. माझ्या बॅचमधल्या एकीला फी भरल्यावर कळलं की पहिलं वर्ष होस्टेलवरच काढायचं आहे. तिची मुलगी अडीच वर्षांची होती.

पोस्टिंगच्या जागेवर तुमचा दिवस ठरतो. कॉलेज गंगापूर रोडला आणि पोस्टिंग आडगावला किंवा घोटीच्या पलीकडे असेल, तर सकाळी साडेसातच्या रिपोर्टिंगसाठी घरातून कधी निघावं लागेल ते मोजा. दुपारी परतताना द्वारका चौकात जाणारी वीस मिनिटंही मोजा.

> तपासा. मान्यतेच्या यादीतल्या त्या पानाची प्रिंट काढून तारखेसकट फाईलला लावलीत का? नसेल तर पुढे जाऊ नका.

बीएस्सीसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची नोंदणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उरकते. निकालानंतर जागं होणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. जीएनएमची प्रवेशाची जाहिरात स्वतः संकेतस्थळावर बघत राहा, एजंटच्या मेसेजवर विसंबू नका.

## टप्पा 3: कागद

इथे घाई केली की वर्षभर त्रास होतो. प्रवेशाच्या निदान चार महिने आधी हात घाला.

नावाचा घोळ आधी सोडवा. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत "सौ." लावलेलं, रेशनकार्डावर लाडाचं. प्रवेश, परीक्षा आणि शेवटची परिषदेची नोंदणी हे सगळं बारावीच्या मार्कशीटवरच्या नावाने चालतं. म्हणून प्रत्येक फॉर्मवर तेच नाव, तेच स्पेलिंग, त्याच क्रमाने लिहा. दोन नावांमधला दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्न शहरात झालं असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, गावात झालं असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदणीही होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि भटजींची माहिती लागते. आमचे भटजी वारले होते, त्यामुळे मामांना दोनदा चांदवडहून यावं लागलं.

राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर त्याची प्रतही सोबत ठेवा. पण निव्वळ प्रवेशासाठी आता घाईने नाव बदलायला जाऊ नका, एका नावाची दोन होतील आणि दोनाची तीन.

माझं स्वतःचं इथेच अडलं. फॉर्म माहेरच्या नावाने भरला, बँक खातं सासरच्या नावाचं दिलं. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर अडला. कॉलेजच्या खिडकीवरचे बाबू दर वेळी "होईल हो ताई" म्हणायचे. मार्चमध्ये मी स्वतः महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, जाऊन पाहिलं, तर तो अर्ज नोव्हेंबरपासून परत आलेला पडून होता.

जातीचे कागद माहेरचे. जात वडिलांकडून धरली जाते. त्यामुळे जात प्रमाणपत्र आणि वैधता हे दोन्ही माहेरच्या पुराव्यांवर निघतात. सासरच्या तालुक्यातून अर्ज केला की कागद फिरत बसतो. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे बहुधा वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला. तो ज्या शाळेत असेल तिथे भावाला पाठवा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप लागण्याआधी पाठवा. नॉन-क्रीमी लेयरलाही आई-वडिलांचं उत्पन्न पाहतात, नवऱ्याचं नाही. सेतूत बसलेला माणूस नवऱ्याची सॅलरी स्लिप मागू लागला तर हे शांतपणे सांगा.

खंडाचं प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. बारावी कोणत्या वर्षी, त्यानंतर आजपर्यंत काय केलं, ते खरं लिहा. "घर व मुलांचं संगोपन" हे पूर्ण कारण आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मधे मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं असेल तर तेही लिहा, आणि शेवटच्या संस्थेचा टीसी आणि मायग्रेशन काढून ठेवा. ते लपवून बारावीचाच दाखला पुढे करणाऱ्या बायका नंतर अडकतात.

बाकीचे कागद सरळ आहेत: दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, फिटनेस सर्टिफिकेट, फोटो. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला आपले सरकारवरून किंवा सेतूतून निघतो.

> थांबा. मूळ कागद कॉलेजात देताना शिक्क्याची, तारखेची आणि कागदांच्या यादीची पोच घ्या. "नंतर देतो" म्हणाले तर मूळ कागदही नंतर द्या. त्याआधी प्रत्येकाच्या दहा झेरॉक्स आणि मोबाईलवर स्कॅन. एक फाईल फक्त याचीच करा, त्यात गॅसचं पुस्तक कोंबू नका.

फिटनेससाठी डॉक्टरकडे जाल त्याच दिवशी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. वॉर्डात पाय ठेवण्याआधी निदान दोन तरी झालेले असावेत.

## टप्पा 4: पैसे

फीचा आकडा कॉलेजप्रमाणे बदलतो, पण फीशिवायचा खर्च सगळीकडे सारखाच विसरला जातो: गणवेशाचे दोन जोड, पांढरे बूट, स्टेथोस्कोप आणि बीपीचं यंत्र, पुस्तकं, प्रोसिजर बुक (वॉर्डात केलेल्या कामांची नोंदवही) आणि जर्नल्स, परीक्षा फॉर्म, बसभाडं. सिन्नर, निफाड, ओझरहून येणाऱ्यांना एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते हिशेबात धरा. नोकरी सोडून येत असाल तर बुडणारा पगारही याच वहीत लिहा.

2024 पासून 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅपमधून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात "सीट धरून" बसलात की ही माफी हातची गेली. म्हणूनच आधी भरलेले दहा हजार महाग पडतात. तुमचा कोर्स आणि कॉलेज महाडीबीटीच्या यादीत आहे का हे प्रवेशाआधी बघा, आणि आधारशी जोडलेलं खातं स्वतःच्याच नावाचं ठेवा.

## टप्पा 5: घराची तालीम

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. कॉलेज सुरू झाल्यावर घर लावायला गेलात तर दोन्ही विस्कटतं.

प्रवेशाच्या महिना-दीड महिना आधी चौदा दिवस निवडा. शाळा चालू असताना निवडा, मे महिन्यात केलेल्या तालमीचा उपयोग नाही. त्या चौदा दिवसांत तुम्ही कॉलेजला जात आहात असं समजून सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायचं आणि साडेचारच्या आत परत यायचं नाही. कुठे जायचं? मी शालिमारजवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचे. ते उघडेपर्यंत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, एक फेरी. तुम्ही मैत्रिणीच्या घरी बसा, पण आपल्या घरी जाऊ नका आणि घरून आलेला फोन तासाभराने घ्या.

माझ्या वहीतलं पहिल्या चार दिवसांचं पान अजून आहे:

सोमवार. मुलाचा डबा दिला, चमचा राहिला. व्हॅनवाल्या काकांना माझाच नंबर माहीत, यांचा नाही.
मंगळवार. गॅस संपला. नवीन सिलिंडर कसं लावायचं हे घरात कोणालाच येत नाही.
बुधवार. आईंची (सासूबाईंची) बीपीची गोळी चुकली. रोज मीच देत होते, हे मलाच माहीत नव्हतं.
गुरुवार. मुलीला ताप. शाळेने मला सतरा फोन केले.

या चार ओळींतून आमचं घर लागलं. व्हॅनवाल्यांकडे आणि शाळेत तीन नंबर दिले. सिलिंडर लावायला नवरा शिकला, नंतर मुलगाही. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आली, ती आई स्वतः रविवारी भरायच्या. तापाचं ठरवायला दोन संध्याकाळी गेल्या.

तापाचं असं ठरवा: मूल आजारी पडलं तर पहिला माणूस कोण, तो नसेल तर दुसरा कोण, रात्री उलट्या सुरू झाल्या तर कोण उठेल. तिन्ही ठिकाणी तुमचं नाव असता कामा नये. नवरा अंबड किंवा सातपूरला शिफ्टमध्ये असेल तर त्याचा फर्स्ट-सेकंड-नाईट आणि तुमचं पोस्टिंग एकाच कागदावर मांडून फ्रिजवर लावा. दोघंही सकाळी बाहेर असाल ते आठवडे लाल पेनाने खुणा. अशा आठवड्यांसाठी शेजारच्या काकू, नणंद, पाळणाघर यांपैकी एक नाव आधी पक्कं करा आणि त्यांना तारखा लेखी द्या.

घरच्यांकडे "मला जरा मदत करा" असं मागू नका. त्याला सगळे हो म्हणतात आणि मग काहीच होत नाही. काम नेमून मागा. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, दुपारी साडेतीनला तिला व्हॅनमधून उतरवून घेणं आणि चारला दूध, एवढं तुमच्याकडे. पोळ्या मी सकाळीच करून जाईन." त्या म्हणाल्या, "पोळ्यांचं मला नको सांगू, मी करीन. तू भाजी चिरून जा." घासाघीस झाली, ती बरी.

बांगड्यांचा विषयही आताच काढा. वॉर्डात बांगड्या, अंगठ्या, वाढलेली नखं चालत नाहीत, कारण हात सारखे धुवायचे असतात आणि जंतू काचेच्या कडांखाली राहतात. मंगळसूत्र असेल तर आखूड करून गणवेशाच्या आत पिनेने लावायचं. पहिल्या दिवशी मोकळे हात घेऊन घरी आलात आणि त्याच दिवशी भांडण झालं, तर अभ्यास बाजूला राहील. मी गणवेश शिवायला टाकला तेव्हाच हे सांगितलं आणि बांगड्यांची डबी देवघराच्या फळीवर ठेवली. सणाला, लग्नाला घालायच्या. आईंनी दोन दिवस तोंड पाडलं, मग विषय संपला.

> तपासा. चौदापैकी शेवटचे पाच दिवस तुम्हाला घरून एकही "हे कुठे ठेवलंय" असा फोन आला नसेल, तर घर तयार आहे. येत असेल तर आणखी एक आठवडा तालीम करा. फी त्यानंतर भरा.

## टप्पा 6: पहिल्या दिवसाआधीची उजळणी

शिकवणं आणि पेपर इंग्रजीत असतात. बारा-पंधरा वर्षांनी पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर दम लागतो. इंग्रजी सुधारण्याचे क्लास लावू नका, तेवढा वेळ नाही. वैद्यकीय शब्द तोडायला शिका. "आयटिस" म्हणजे दाह, "एक्टमी" म्हणजे कापून काढणं, "हायपर" म्हणजे जास्त, "हायपो" म्हणजे कमी, "टॅकी" म्हणजे वेगाने, "ब्रॅडी" म्हणजे मंद. असे चाळीस तुकडे पाठ झाले की टॉन्सिलायटिस आणि अपेंडिसेक्टमी आपोआप उलगडतात. रोज चार तुकडे ओट्यावर भिंतीला चिकटवा, दहा दिवसांत होतात.

गणित एवढंच लागतं: भागाकार, टक्केवारी, मिलिग्राम-ग्रॅम, आणि सलाईनचे थेंब. हे एक उदाहरण वहीत स्वतः सोडवा. 500 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं आहे, सेटमधून 1 मिलीला 20 थेंब पडतात. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. 8 तास म्हणजे 480 मिनिटं. 10,000 भागिले 480, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. तासांची मिनिटं करायला विसरणं ही सगळ्यांची पहिली चूक. मायक्रो ड्रिप सेटला 60 थेंब असतात, तिथे 20 धरणं ही दुसरी. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचा.

पहिल्या वर्षाचं अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी आधीच चाळलं तर बरं, पण पाठ करत बसू नका.

## टप्पा 7: वॉर्डातले पहिले तीन महिने

वर्गात तुम्ही सगळ्यांची ताई असाल, आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर कदाचित तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असेल. त्यांना मॅडमच म्हणायचं. "घरी आम्ही असं करतो" हे वाक्य वॉर्डात कधीच बोलायचं नाही. मुलांचं आजारपण काढलेल्या बायकांची इथेच फजिती होते. कपाळाला हात लावून ताप सांगायची सवय असते, आणि वॉर्डात टीपीआर चार्टवर (ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर) थर्मामीटरचा आकडा लागतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, नाडी धरून ठेवल्यासारखं करून मोजा, सांगितलं की तो श्वास बदलतो.

कचऱ्याचे रंग पहिल्या आठवड्यात पाठ व्हायला हवेत. रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल डब्यात, सुया आणि धारदार वस्तू पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्यात.

> थांबा. सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच सिस्टरना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. रागावतील म्हणून सांगणं टाळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. घरी लेकरं आहेत, हे आठवा आणि सांगा.

प्रोसिजर बुकवर सही त्याच दिवशी घ्या. शनिवारी एकदम घेऊ म्हणता आणि शनिवारी मॅडमची ड्युटी बदललेली असते. केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा आराखडा) बसमध्ये कच्चा लिहून काढा. घरी पोचल्यावर तुम्ही आई असता, विद्यार्थिनी होता होता रात्रीचे साडेनऊ वाजतात.

गणवेश घरी आल्यावर दारातच बदला आणि वेगळा धुवा. मुलं धावत येतात, त्यांना आंघोळ होईपर्यंत थांबायची सवय लावा. माझी मुलगी बाथरूमबाहेर उभी राहून दिवसभराचं सगळं ओरडून सांगायची.

## टप्पा 8: हजेरीचा हिशेब

परीक्षेला बसायला थिअरीत 80 टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी लागते, दोन्ही वेगवेगळी. एकीतली जास्त दुसरीत धरत नाहीत. प्रमाणपत्र मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी 100 टक्के भरावी लागते. म्हणजे चुकलेला वॉर्डचा प्रत्येक दिवस कधी ना कधी भरून द्यायचा आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते. त्याने तुमच्यावरची कारवाई टळेल, तास परत येत नाहीत.

म्हणून उरलेले 20 टक्के मुलांच्या आजारपणासाठी राखून ठेवा. लग्न, बारसं, वास्तुशांती, वणीची फेरी यांवर ते खर्च करू नका. गौरी-गणपतीच्या दिवसांत अंतर्गत चाचणी आली तर जावा-नणंदांना आधीच सांगा, वाटून घ्या. मी वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार रकाने आखले होते, चुकलेला प्रत्येक तास त्याच दिवशी लिहायचे, आणि महिन्याअखेर ऑफिसच्या रजिस्टरशी ताडून बघायचे. दुसऱ्या वर्षी एका विषयात माझे सहा तास रजिस्टरमध्ये कमी निघाले. त्या दिवशी मी वॉर्डात होते याची सही प्रोसिजर बुकमध्ये सापडली म्हणून वाचले.

मधे दिवस गेले तर ते लपवू नका. आधी ट्यूटरशी बोला. एक बॅच मागे पडण्याची तयारी ठेवावी लागते, पण लेखी कळवून मागे पडलेली परत येते. न सांगता घरी बसलेलीला परत यायला जड जातं.

नाईट ड्युटी सुरू होण्याआधी घरात पुन्हा तीन रात्रींची तालीम घ्या. सकाळी आठला सुटून आल्यावर चार तास झोपायचं आहे हे शेजाऱ्यांनाही सांगा, नाहीतर दहा वाजता भिशीचे पैसे मागायला बेल वाजते.

तिसऱ्या वर्षाचा निकाल हातात आला की मार्कशीटवरचं नाव बारावीच्या मार्कशीटशी अक्षर-अक्षर जुळवा. "ई"च्या जागी "वाय" पडला असेल तर मंडळाकडून आधी दुरुस्त करून घ्या. परिषदेच्या नोंदणीचा अर्ज त्यानंतर भरा.